तेलावीहून बाळ्याला

तेलावी, 3 ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. तब्येत बरी, शुगरचं विचारू नकोस. मुक्ताच्या तिबिलिसीतल्या घरमालकिणीच्या भावाकडे, जॉर्जियातल्या काखेतीत, द्राक्षतोडणीला आलोय. यांची तोडणी आणि आपली छाटणी एकाच वेळी, तिथंच डोकं फिरलंय.

हात जांभळे झालेत. सापेरावी म्हणतात या जातीला. आपल्या शिराझचा रंग सगळा सालीत. हिचा गरसुद्धा लाल. लाकडी डोणीत पायांनी तुडवायची, मग रस, साली, बिया सगळं क्वेव्रीत. म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला मातीचा रांजण, आतून मधमाशीचं मेण लावलेला. यीस्ट घालत नाहीत, आपसूक फसफसतं. साली वर आल्या की काठीनं खाली दाबायच्या, रात्रीसुद्धा. थंडावा जमिनीचाच. आपल्या वायनरीच्या साहेबानं टाक्या गार ठेवणाऱ्या चिलरचं वीजबिल दाखवून द्राक्षांचा भाव पाडला होता, आठवतंय?

तर माझी शिराझची बाग ठेवू की काढू? तू शिराझ उपटून खायची थॉमसन लावलीस, तेव्हा पारावर मला गाढव म्हणालास. मी काय म्हणालो ते लिहीत नाही, वहिनी वाचतील. वायनरीकडे पैसे अजून अडकलेत, पोरगा रोज 'काढा' म्हणतो.

इथल्या म्हाताऱ्यानंही भोगलंय. 1985 ला गोर्बाचेव्हची दारूबंदी आली, जॉर्जियात बागाच्या बागा उपटल्या. 2006 ला रशियानं इथली वाइन बंद केली, मोठं गिऱ्हाईकच गेलं. तरी घरचा रांजण दरवर्षी भरला, म्हणतो. 2013 ला युनेस्कोनं या पद्धतीला वारसा म्हटलं, पण तो भरायचा थांबला होता कधी?

ऐकून चेव आला, मग रात्री उतरला. म्हाताऱ्याची वाइन कुणी घेतली नाही तर तो स्वतः पितो, पाहुण्यांना पाजतो. आपण परवान्याशिवाय रांजण पुरला तर एक्साइजवाले आपल्यालाच उचलतील. वेल माझी, पण पुढचं सगळं दुसऱ्याच्या टाकीत. बाग काढायची तर या कारणानं काढेन, तू म्हणालास म्हणून नाही.

जेवताना इथं तमादा असतो, प्रत्येक पेल्याआधी भाषण. आपला सरपंच इथं उपाशी मेला नसता. तू माळकरी, म्हणून तुझ्या नावाचा पेला मीच संपवला.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पिंट्याचं जमलं का?

नाम्याच्या टोळीला पुढच्या आठवड्याचं सांगून ठेव. कात्र्या आणायच्या की कुदळी, ते आल्यावर भांडून ठरवू.

तुझा,
अण्णा