कंबर किती दुखते एवढेच विचारून थांबू नका: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: कंबरदुखीवरील व्यायामाच्या संशोधनात वेदना, अडचण आणि क्षमता वेगवेगळी मोजण्याबाबत.

महोदय,

मी सांगलीत फिजिओथेरपी करते. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल, तासगाव-पलूस भागातल्या द्राक्षबागांत राबणाऱ्या बायका, एसटीचे चालक, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी बँकेतली माणसे, सगळे एकच तक्रार घेऊन येतात: कंबर धरलीय. त्यांच्यामागोमाग दरवर्षी पदव्युत्तर फिजिओथेरपीचे विद्यार्थीही येतात, प्रबंधासाठी रुग्ण हवेत म्हणून. विषयाचा साचा ठरलेला. अमुक व्यायाम विरुद्ध तमुक व्यायाम, चार किंवा सहा आठवडे, तीस-चाळीस रुग्ण. शेवटी निष्कर्ष: दोन्ही गटांत वेदना कमी झाली, सबब दोन्ही व्यायाम उपयुक्त.

या निष्कर्षावर माझा विश्वास बसत नाही. विद्यार्थी खोटे लिहितात असा माझा आरोप नाही, पोरे मेहनती आहेत. मोजण्याची रीतच चुकलेली आहे. ती सुधारायला नवी यंत्रे लागत नाहीत, इमारत लागत नाही आणि बहुतेक गोष्टी तुमच्या खात्याच्या आवाक्यात आहेत, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

व्यायामाने कंबरदुखी बरी होते का, याचे उत्तर तुम्ही काय मोजता त्यावर बदलते. उपचारांवरचे संशोधन एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ साली जुनाट कंबरदुखीवरच्या व्यायामाचे २४९ प्रयोग एकत्र तपासले. उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांची वेदना १०० पैकी साधारण १५ गुणांनी कमी भरली. रुग्णाला जाणवेल इतका फरक म्हणून अभ्यासकांनी वेदनेसाठी १५ गुणांचीच रेघ धरली होती. रोजच्या कामातली अडचण मात्र ७ गुणांच्या आतच कमी झाली आणि तिथली रेघ होती १० गुणांची. तेच रुग्ण, तेच व्यायाम. एका विषयात काठावर पास, दुसऱ्यात नापास. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत या दुसऱ्या विषयाचा पेपरच घेतला जात नाही, आणि घेतला तरी त्याचे गुण मागच्या पानांत कुठेतरी पडून राहतात.

वेदना म्हणजे किती दुखते. अडचण म्हणजे दुखण्यामुळे काय करता येत नाही. क्षमता म्हणजे अंगात किती ताकद, दम आणि लवचीकता आहे. या तिन्ही एकत्र चालतील असे वाटते, पण तसे होतेच असे नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईचे उदाहरण सांगते. ती द्राक्षाच्या थिनिंगला जायची. मांडवाखाली मान वर, हात डोक्याच्या वर, दिवसभर उभे राहून घडातले मणी कात्रीने विरळ करायचे. कंबरेतली कळ पायात उतरायला लागली तसे तिने बागेत जाणेच सोडले. पुढच्या तपासणीला तिची वेदना सातावरून तिनावर आली होती. फॉर्मच्या हिशेबाने ती झकास सुधारली. घरात मात्र तिची मजुरी बंद झालेली, आणि पाण्याची घागर सून उचलते. याउलट एक हमाल. दुखणे आधीही सहा, नंतरही सहा. पण पूर्वी दुपारच्या आतच पाठ धरून खाली बसणारा हा गडी आता थप्पी पुरी लावूनच घरी जातो. ‘दुखतंय की, पण आता काय वाटत नाही त्याचं,’ हे त्याचे शब्द. वेदनेच्या आकड्यावर त्याची नोंद होते ‘फरक नाही’ म्हणून.

क्षमतेची गोष्ट आणखी निराळी. सोरेन्सन चाचणीत माणसाला पालथे झोपवतात, पाय पट्ट्याने टेबलाला बांधतात आणि कमरेपासून वरचे अंग टेबलाबाहेर अधांतरी किती सेकंद सरळ धरता येते ते मोजतात. २४० सेकंदांना थांबवतात. डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेन्सन यांच्या १९८४च्या अभ्यासात ज्या पुरुषांची पाठ जास्त वेळ तग धरत होती, त्यांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचे प्रमाण कमी दिसले. चाचणी चांगली आहे. पण स्नायू थकला म्हणून माणूस खाली आला की ‘मणका सरकेल’ या धास्तीने खाली आला, हे घड्याळ सांगत नाही. शिवाय व्यायामाने वाढलेली ताकद आणि घटलेले दुखणे यांचे नाते अभ्यासांत फार सैल निघाले आहे. ताकद फारशी न वाढताही लोक बरे होतात, आणि ताकद वाढूनही काहींचे दुखणे हलत नाही. भीती कमी होणे, शरीरावर पुन्हा भरवसा बसणे, यांचाही वाटा असावा. तरीही ‘कोअर (पोट-पाठीचे स्नायू) मजबूत झाला म्हणून दुखणे गेले’ असे वाक्य आमच्याकडे इतक्या सहज लिहिले जाते की वाचताना कोणाची भुवईसुद्धा वर जात नाही.

आता हंगामाचे बघा. हे नाशिकच्या विद्यापीठात किंवा मुंबईच्या मंत्रालयात बसून लक्षात येणार नाही. आमच्याकडे फळछाटणीनंतर डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे), थिनिंग अशी कामे नोव्हेंबर-डिसेंबरात अंगावर येतात. त्या दिवसांत बायकांच्या कंबरा बोलायला लागतात आणि दवाखाने भरतात. विद्यार्थ्याला रुग्ण तेव्हाच मिळतात. प्रबंधाचे सहा आठवडे संपतात तोवर थिनिंगही संपलेली असते. दुखणे उतरते, कारण काम उतरले. श्रेय व्यायामाला जाते. हंगाम नसला तरी हाच प्रकार थोड्या प्रमाणात होतो. दुखणे शिगेला पोचते तेव्हाच माणूस दवाखान्याची पायरी चढतो, आणि शिगेला पोचलेले दुखणे बहुतेक वेळा आपोआपही थोडे खाली येते. म्हणून ‘दोन्ही गटांत वेदना कमी झाली’ या वाक्याला काही किंमत नाही. एका गटातला बदल दुसऱ्या गटातल्या बदलापेक्षा किती जास्त, एवढाच प्रश्न खरा. तिथे आमच्या प्रबंधांत बहुधा शांतता असते, कारण दोन गटांची तुलना न करता गटागणिक वेगळी पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे पाहण्याचा संख्याशास्त्रातला आकडा) काढून काम भागवलेले असते.

नीट मोजायचे ठरवले तर किती साधे असू शकते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वॉकबॅक हा प्रयोग आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवायला सांगितले आणि दुखण्याची माहिती समजावून दिली; दुसऱ्या गटाला असे काही दिले नाही. मग वाट पाहिली, वर्षभर आणि काहींच्या बाबतीत त्याहून जास्त. मुख्य मोजमाप एकच: दुखणे उलटेपर्यंत किती दिवस गेले. चालणाऱ्यांच्या गटात मध्यक (निम्म्या लोकांचे दुखणे उलटेपर्यंतचा काळ) २०८ दिवस, दुसऱ्या गटात ११२. हा आकडा रुग्णाला समजतो, मुकादमाला समजतो, आणि मंत्रालयातही समजेल.

फॉर्मविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण गफलत तिथेच होते. वेदनेसाठी १०० मिलिमीटरची आडवी रेघ देतात आणि तिच्यावर खूण करायला सांगतात. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ती रेघ लांबते किंवा आखडते, आणि मग पट्टीने मोजलेले मिलिमीटर निरर्थक ठरतात. वयस्क माणसांना ती रेघ कळतही नाही. कुणी मधोमध फुली मारतो, कुणी दोन्ही टोकांना. त्यांना विचारायची गावची रीत सरळ आहे: ‘रुपयात किती आणे फरक?’ ‘दहा आणे’ असे उत्तर लगेच येते. पण दहा आण्यांचा फरक हा आठवणीवर बेतलेला असतो, आजच्या दुखण्याचा तो आकडा नव्हे. तेव्हा शून्य ते दहा असे तोंडी विचारणेच बरे, आणि आण्यांचे उत्तर वेगळ्या रकान्यात लिहून घ्यावे.

अडचण मोजायला ऑस्वेस्ट्रीची प्रश्नावली वापरतात. ती १९८०ची, इंग्लंडमधली. तिची मराठी आवृत्ती तपासून २०१३ साली प्रसिद्ध झाली, त्यामुळे भाषांतर नाही ही सबब उरलेली नाही. दहा विभाग, प्रत्येकी शून्य ते पाच गुण, आणि ५० पैकी किती याची टक्केवारी. यातला एक विभाग लैंगिक संबंधांचा आहे. कॉलेजातली पोरगी पन्नाशीच्या काकूंना पडद्याआड तो प्रश्न विचारते तेव्हा दोघीही खाली बघतात आणि विभाग रिकामा राहतो. रिकामा राहिला तर हरकत नाही, नियम आहे: मग ५० ऐवजी ४५ ने भागायचे. पण रिकाम्या जागी शून्य धरून ५० नेच भागलेले फॉर्म माझ्या टेबलावर येतात, आणि बाईची अडचण कागदावर आपोआप घटते. बसण्याच्या विभागात खुर्चीत किती वेळ बसता येते ते विचारलेले आहे. जिचे बसणे, निवडणे, टिपणे सगळे जमिनीवर, तिने काय सांगावे? १९८३च्या रोलंड-मॉरिस प्रश्नावलीत २४ विधाने आहेत. जिना चढताना कठड्याचा आधार घेतो, हे त्यांतलेच एक. जतच्या वस्तीवर जिना कुठून आणायचा? तिथल्या काही गावांत तर घरात कन्नड बोलतात, म्हणजे मराठी फॉर्मही अपुराच.

दोन्ही प्रश्नावल्या टाकून द्या असे मी म्हणत नाही. जगभरच्या अभ्यासांशी तुलना त्यांच्यामुळेच होते. त्यांच्या जोडीला इथल्या हालचाली हव्यात: मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसणे, हाताचा आधार न घेता जमिनीवरून उठणे, भरलेली घागर किंवा पोते उचलणे, खराब रस्त्यावर मोटारसायकलच्या मागच्या सीटवर तालुक्यापर्यंत जाणे. यांची यादी करून तिची विश्वासार्हता तपासणे हाच एक उत्तम प्रबंध होईल. त्यात पेशंटला व्यायाम शिकवायचीही गरज नाही.

आणि विचारतो कोण, हेही महत्त्वाचे. आज जो विद्यार्थी व्यायाम शिकवतो तोच सहाव्या आठवड्याला ‘आता किती दुखतंय?’ म्हणून विचारतो. आपल्याकडची माणसे भिडस्त. पोरीने एवढे केले, तिला ‘काही फरक नाही’ कसे सांगायचे? ‘बरं हाय की मॅडम आता,’ म्हणून मोकळे होतात. मोजणारा वेगळा हवा, आणि कोण कुठल्या गटात आहे ते त्याला माहीत नसावे.

एक घोटाळा तुमच्याच सरकारच्या कागदांतून येतो. अपंगत्वाचा दाखला मिळवून लाभ घ्यायला २०१६च्या कायद्यानुसार किमान ४० टक्क्यांची अट आहे. ऑस्वेस्ट्रीचेही टक्केच असतात. रुग्णाला वाटते हे दोन्ही एकच. मग दाखल्याच्या आशेने कुणी अडचण वाढवून सांगतो, तर काम जाईल या भीतीने कुणी लपवतो. ऑस्वेस्ट्रीचे ४० आणि दाखल्याचे ४० यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, हे प्रत्येक फॉर्मच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत छापले पाहिजे.

विद्यापीठ स्वायत्त आहे हे मला ठाऊक आहे. पण आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे प्र-कुलपती म्हणून तुमचा शब्द तिथे ऐकला जातो. कंबरदुखीवरचा कोणताही व्यायामाचा प्रबंध मंजूर करताना तिन्ही मोजमापे वेगळी आहेत का, आणि त्यांतले मुख्य कोणते ते आधीच लिहिले आहे का, एवढे तपासायला सांगा. रुग्णांवरचे प्रयोग आधीच नोंदवण्याची देशाची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ पासून आहेच. तिथे नोंदवलेले मुख्य मोजमाप आणि प्रबंधात छापलेले मुख्य मोजमाप एकच आहे का, हे परीक्षकाने जुळवून पाहावे. सहा आठवड्यांवर थांबू नका, पुढच्या हंगामात त्याच रुग्णांना फोन करायची सोय करा. दोन वर्षांचा कोर्स झाला की विद्यार्थी जातो, रुग्णांचे नंबर त्याच्याबरोबर जातात. नंबर आणि नोंदी विभागात राहिल्या, रुग्णांची तशी संमती आधीच घेतली, तर पुढच्या बॅचला त्याच माणसांचा वर्षानंतरचा हिशेब लावता येईल. आणि ज्या प्रबंधात फरक दिसला नाही तोही पास करा. सगळेच प्रबंध यशस्वी निघतात, ही काळजीची गोष्ट आहे.

जाता जाता एक. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायामाला होकार आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणे) यांना नेहमीच्या उपचारात नकार आहे. तरीही आमच्याकडच्या शिबिरांत पुढाऱ्याच्या फोटोसकट पट्टे वाटले जातात. ते वाटण्याचा खर्च फोन करणाऱ्या माणसाच्या पगारावर केला तरी चालेल.

सुरुवात इथूनच होऊ शकते. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जिल्ह्यात हमाल, ऊसतोड मजूर, बागेतल्या बायका सगळे सापडतात. इथल्या प्रश्नावलीत कोणत्या हालचाली घ्यायच्या हे ठरवायला एक बैठक मिरजेत बोलवा. तीत प्राध्यापकांबरोबर हमाल पंचायतीचे दोघे आणि थिनिंगच्या टोळीतल्या दोघी असाव्यात. तारीख मात्र नोव्हेंबर-डिसेंबरातली नको. त्या दिवसांत बायका मजुरी बुडवून येणार नाहीत, आणि येण्याजाण्याचा भत्ता दिवसाच्या हजेरीपेक्षा कमी ठेवू नका.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट,
सांगली