अर्धी ओळ तुमची, काका

प्रिय पेटीवाले काका,
प्रभूमध्ये सलाम.

तुम्हाला फोन लावला की "हॅलो, ऐकू येत नाही" म्हणता आणि ठेवून देता. चंद्रपूरला मुलीकडे गेल्यापासून तीनदा असंच झालं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कोणी ना कोणी वाचून दाखवेलच. आपल्या चर्चच्या मंडळीत बातमी किती वेळात फिरते, ते मी तुम्हाला काय सांगायचं!

यांचं डायलिसिस सुरू झालं त्या आठवड्यात घरी माणसांची रीघ होती. संत्री आली, केळी आली. दोन्ही यांना बंद, पोटॅशियममुळे. एकानं जाता जाता, विश्वास कुठे कमी पडतोय का ते तपासून पाहा, असंही सुचवलं. फळं मी शेजारी वाटून टाकली. ते वाक्य मात्र कोणाला देता आलं नाही, कितीतरी दिवस माझ्याकडेच पडून होतं.

तुम्ही आलात, पाणी प्यालात आणि एवढंच विचारलंत, "वार कोणते?"
"सोम, बुध, शुक्र."
"बुधवार माझा."

आणि खरंच, बुधवारी सकाळी साडेसहाला नागपुरातल्या सदर भागातून सायकल हाणत तुम्ही दवाखान्यात हजर. मशीनला लावलं की चार तास. आत नातेवाइकांना बसू देत नाहीत, म्हणून आपण बाहेरच्या बाकावर. पेटी नाही, वही नाही. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की माझ्यानं गाणं होणार नाही. रविवारच्या उपासनेतही मी नुसते ओठ हलवत होते. आनंदाची गीतं यायची तेव्हा तेही नाही.

"पोरी, अख्खं गा म्हणून कोण म्हणालं तुला? अर्धी ओळ मी म्हणतो, अर्धी तू म्हण."

मग तुम्ही समजावलंत. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत यमक शब्दांचं नाही, अर्थाचं आहे. ओळीच्या पहिल्या अर्ध्यात एक गोष्ट म्हणायची, दुसऱ्या अर्ध्यात तीच जरा फिरवून किंवा पुढे नेऊन. "हे दोन माणसांसाठीच केल्यासारखं आहे. एकाचा दम संपला की दुसऱ्यानं धरायचं." लहानपणापासून मी स्तोत्रं वाचत आले. पाळकसाहेब एक ओळ, आम्ही एक ओळ, पेपर वाचल्यासारखं. पण हे काही लक्षात आलं नव्हतं.

इतिहासाचा तास तर तुम्ही घेणारच. १८४५ साली मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले, ते ज्या स्कॉटिश मंडळीतून आले तिथे तेव्हा उपासनेत वाद्य नसायचं. गायची ती मुख्यतः स्तोत्रंच, १६५० च्या छंदोबद्ध पुस्तकातली. पुस्तकं सगळ्यांकडे नसायची, म्हणून पुढचा माणूस एक ओळ गाई आणि मागून मंडळी ती उचलून धरी. "आता हिस्लॉप म्हटलं की लोकांना कॉलेज आठवतं, ॲडमिशन आठवते. हे कोणाला माहीत आहे?" असं म्हणून तुम्ही असे वैतागलात, जणू चूक त्या वॉर्डबॉयचीच होती. पेटी नसलेल्या उपासनेचं एवढं कौतुक एका पेटीवाल्याच्या तोंडून ऐकताना मला कित्येक दिवसांनी हसू आलं. स्कॉटिश चाल मात्र तुम्ही घेतली नाहीत. ती आपल्या गळ्याची नाही म्हणालात. तुमची आई जात्यावर म्हणायची त्या ओवीच्या चालीत तुम्ही १२१वं स्तोत्र बसवलंत आणि पहिली अर्धी ओळ म्हणून माझ्याकडे पाहत राहिलात.

डोंगरांकडे डोळे लावतो, मदत कुठून येणार, अशी त्याची सुरुवात. आता नागपुरात डोंगर कुठला शोधायचा? एक सेमिनरी हिल आणि एक सीताबर्डीची टेकडी. तेही चालेल म्हणालात. यरुशलेमला चढून जाणारे यात्रेकरू म्हणत ती पंधरा स्तोत्रं, १२० ते १३४, आपण त्या बाकावर बसून पाठ केली. वारीला निघाल्यासारखी, पण जागचे न हलता.

आणि तो मे महिना! नवतपा सुरू होता, पारा पंचेचाळीसच्या वर. दिवसा तुला सूर्य बाधणार नाही, असं तुम्ही म्हणत होतात आणि मांडीवर तुमची ती काळी छत्री. मी न राहवून विचारलं, "काका, बाधणार नाही ना? मग ही कशाला?"
"छत्री सुचवतो तोही तोच ना बापा."

त्याच महिन्यातली एक संध्याकाळ अजून आठवते. यांना दिवसाला पाणी मोजून होतं. सकाळी बाटली भरून ठेवायची, ती रात्रीपर्यंत पुरवायची. चहा, आमटी, सगळं त्यातच धरायचं. कूलरमध्ये पाणी ओततानाही यांची नजर बादलीवर. आणि तुम्ही आमच्या घरी बसून ४२वं स्तोत्र काढलंत! हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते... मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात निघून गेले. तहानलेल्या माणसासमोर पाण्याचं गाणं म्हणतात का कोणी? आतून पाहिलं तर यांनी बर्फाचा खडा गालात धरलेला, आणि दुसरी अर्धी ओळ हेच म्हणत होते, खडा सांभाळत, बोबडं. नंतर मला म्हणाले, "तीन महिन्यांत माझ्या तहानेबद्दल पहिल्यांदाच कोणीतरी बोललं. बाकी सगळे मला धीर देतात."

त्या दिवशी मी तुमच्याशी धड बोलले नाही. आज माफी मागते.

पावसाळ्यात इन्फेक्शन होऊन यांना पाच रात्री भरती ठेवलं, तेव्हा चौथ्या रात्री तुम्ही आलात. वय सत्तरीला टेकलेलं. खाली गेटवर वॉचमन खुर्ची टाकून बसलेला, डोक्याला मफलर, दर थोड्या वेळानं मोबाइलमध्ये वेळ बघणारा. तुम्ही १३०वं सुरू केलंत, खोल गर्तेतून हाक मारणारं. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहूनही माझा जीव प्रभूची वाट पाहतो, ही ओळ आली आणि लगेच पुन्हा तीच आली. मला वाटलं, तुम्ही विसरलात. म्हटलं, "दोनदा झालं." तुम्ही खिडकीतून खाली बोट दाखवलंत. "तो बघ. रात्री एकदा घड्याळ पाहून भागतं का?"

काका, यांचं बरं झालं असं लिहायला आवडलं असतं. तसं काही नाही. किडनीसाठी नाव नोंदवलं आहे, वार तेच आहेत. बुधवारी मी बाकावर एकटीच बसते आणि पहिली अर्धी ओळ हळूच म्हणते. मागच्या महिन्यात काटोलकडच्या एक बाई शेजारी बसल्या होत्या, त्यांचा मुलगा आत होता. मधेच म्हणाल्या, "ही चाल तर आमच्या आजीची होय!" शब्द त्यांना ठाऊक नव्हते, पण मी थांबले की त्या चाल पुढे गुणगुणायच्या. चार तास तसेच गेले. मी त्यांना काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. डबा मात्र दोघींनी एकत्र खाल्ला.

तुमची छत्री आमच्याकडेच राहिली आहे. एक काडी मोडली होती, ती महाल भागात बसवून घेतली. चंद्रपूरचं ऊन आपल्याहून कडक, म्हणून लवकर पाठवायला हवी होती. येत्या रविवारी तिकडे जाणारं कोणी भेटलं तर देते. तोवर दुपारी बाहेर पडू नका.

तुमची,
बुधवारवाली