चौथी पट्टी

प्रिय दोस्ता,

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागावला असशील, रागाव. इकडे सगळी बरी आहेत, आईचा गुडघा तसाच.

अण्णांची निगेटिव्हची पेटी उघडली. पावसानंतर पोटमाळ्यावरून खाली काढली, तर एका डब्याला आंबट वास येत होता, थेट व्हिनेगरसारखा. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मला दमट हवा लागली की ती कुजत जाते, तिच्यातून आम्ल सुटतं आणि त्या वाफेने शेजारची फिल्मही बिघडते. आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे. मी घाबरलो, आणि तू ज्यावरून गणपतीत माझ्याशी भांडला होतास, नेमकं तेच घाईघाईत करून बसलो.

निगेटिव्ह गावांप्रमाणे लावल्या. कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ एका गठ्ठ्यात, राजापूरचं धूतपापेश्वर दुसऱ्यात, रत्नागिरीचा थिबा राजवाडा तिसऱ्यात. येणारा माणूस "राजापूर दाखवा" म्हणतो, रोल नंबर कोण विचारतो, हे माझं म्हणणं. तू म्हणायचास, अण्णांची वही रोलच्या क्रमाने आहे, क्रम मोडलास तर वही मुकी होईल. तुझं खरं होतं. मला हे आधी कळायला हवं होतं रे.

वहीत प्रत्येक रोलखाली वेळ, ऊन कुठून, फिल्टर कुठला, सगळं आहे. "रोल 88, थिबा, अर्धगोल खिडक्या, संध्याकाळी 5.20." गावाचं नाव मात्र कित्येकदा नाहीच, कारण ते आदल्या रोलवर लिहिलेलं. अण्णांच्या 120 च्या, म्हणजे रुंद फिल्मच्या, रोलला बारा फ्रेम, तीन-तीनच्या चार पट्ट्या कापलेल्या. आणि कडेला छापलेले आकडे प्रत्येक रोलवर तेच, 1 ते 12. दोन रोलच्या पट्ट्या मिसळल्या की आकड्यांवरून काही उमगत नाही.

आता रोज रात्री दिव्याच्या काचेवर पट्ट्या ठेवून कात्रीचे काप जुळवतो. अण्णांचा हात कापताना डावीकडे जायचा, त्यामुळे तिसऱ्या फ्रेमची तिरकी कड चौथीच्या कडेला बरोबर बसते. बसली की जीव भांड्यात पडतो. काल कर्णेश्वराचा तो रोल जुळला! उभ्या रेषा कलू नयेत म्हणून कॅमेरा वर न वळवता अण्णा स्वतः बैलगाडीवर चढले होते आणि बैल चालायला लागला होता, तोच. आठवी फ्रेम पूर्ण हललेली आहे आणि वहीत तिच्यापुढे एकच शब्द, "बैल". मी एकटाच हसत बसलो, तू हवा होतास.

यापुढे निगेटिव्ह रोलच्याच क्रमाने राहतील. गाव, देऊळ, घर, ओटी, दार हे सगळं संगणकावरच्या यादीत, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्ही वाटा मिळतील. आंबट डबा वेगळ्या खोलीत ठेवलाय, त्याचं स्कॅनिंग आधी.

लेकीचं कॉलेज सुरू झालं का? नवीन घरात पाणी नीट येतं ना? वहिनींना नमस्कार सांग.

आता खरं कारण. रोल 214 तुमच्या घराचा आहे. हायवेच्या चौपदरीकरणात गेलं, ते. पहिल्या पट्टीत ओटी आणि झोपाळा, दुसरीत पडवी, तिसरीत मागलं दार आणि विहीर. चौथी नाही. वहीत लिहिलंय, "10 ते 12, माजघर, काचेच्या कौलातून ऊन, दुपारी 2.40." माझ्याकडे माजघरांच्या पाच सुट्या पट्ट्या आहेत. पाचांतही माजघर काळोखं, पाचांतही उन्हाचा एक चौकोन, आणि निगेटिव्हवर तो काळा दिसतो. तिसऱ्या पट्टीच्या कडेचा काप ओलीने फुगलाय, त्यामुळे जुळवून कळत नाही.

एकीत चौकोन जात्यावर आहे, एकीत उंबऱ्यापाशी, एकीत भिंतीवर चढलेला. उरलेल्या दोन पुसट आहेत. तुम्ही दुपारी तिथे चटई टाकून निजायचात. रोल मार्चमधला आहे. पावणेतीनच्या सुमाराला ते ऊन कुठे पडायचं, आठवून लिही. आजीचं जातं कोणत्या भिंतीला होतं, तेही लिही.

तुझा
दोस्त