जॅक एकच ठेव

पुणे

प्रिय अजय,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प उभा केलास, वाजवलास, याचा मला फार आनंद झालाय. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरी घट्ट पिळून कडेकडेने नेल्यात, टॅगस्ट्रिपवरचं, म्हणजे भाग जोडायच्या पट्टीवरचं, सोल्डरिंग नेटकं आहे. आता तू लिहिलेल्या दोन तक्रारी. रात्री केबल लावली की स्पीकरमधून आकाशवाणीच्या बातम्या येतात, आणि पावसाळ्यापासून वाजवताना मधूनच खरखर होते. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकाच जागी आहे, इनपुटच्या त्या दोन जॅकपाशी, जिथे गिटारची केबल खोचतोस. ते दोन्ही काढ आणि एकच बसव. नुसतं ‘कर’ म्हटल्यावर ऐकणारा तू नाहीस, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

तू घेतलेला सर्किटचा नकाशा फेंडर चॅम्प या छोट्या ॲम्पचा, ५एफ१ मॉडेलचा. तीनच व्हॉल्व्ह, सिग्नल वाढवणारा एक १२एएक्स७, स्पीकर चालवणारा एक ६व्ही६, रेक्टिफायर म्हणून एक ५वाय३, आणि जेमतेम पाच वॉट. एकाच ॲम्पवर दोन वाद्यं जोडता यावीत, किंवा जोरकस सिग्नल थोडा दाबून घेता यावा, यासाठी त्यात दोन जॅक दिलेत. मांडणी हुशारीची आहे, हे मान्यच करायला हवं. पहिल्या जॅकमध्ये गिटार लावली की दुसऱ्या जॅकचा स्विच दोन्ही टिप, म्हणजे जॅकची सिग्नलची टोकं, जोडतो, आणि ६८ के चे (के म्हणजे किलोओम) दोन रेझिस्टर समांतर होऊन ग्रिडला, म्हणजे १२एएक्स७ च्या सिग्नल घेणाऱ्या टोकाला, ३४ के दिसतात. दुसऱ्या जॅकमध्ये लावली की पहिल्याचा स्विच आपली टिप ग्राउंडला टेकवतो. मग एक ६८ के सिग्नलच्या वाटेत आणि दुसरा ग्राउंडकडे, म्हणजे सिग्नल निम्मा. शिवाय गिटारला दिसणारा भार १ मेगओमवरून १३६ के वर येतो, त्यामुळे पिकअपचा वरचा स्वर बोथट होतो. काहींना तो आवाज आवडतो. तू मात्र दुसरा जॅक वापरतच नाहीस, असं तूच लिहिलंयस.

खरी अडचण अशी की तू पहिल्या जॅकमध्ये वाजवत असताना सिग्नलची अर्धी वाट दुसऱ्या, रिकाम्या जॅकच्या स्विचमधून जाते. रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत त्या पितळी पट्टीवर थर चढला की दुसरा ६८ के अधांतरी लोंबकळतो. कधी जोडला जातो, कधी सुटतो. तीच तुझी खरखर. जोडणी सुटलेली असली की त्या जॅकची वायर ग्रिडला लावलेली अँटेनाच होते. एकच जॅक असला तरी त्यालाही स्विच लागेल, कारण केबल काढल्यावर टिप ग्राउंड व्हायला हवी. पण तो स्विच खराब झाला तर केबल नसताना थोडी गुणगुण होईल, एवढंच. वाजवताना तो वाटेत येतच नाही. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

आता बातम्यांचं. मध्यम लहरी साधारण ५०० ते १६०० किलोहर्ट्झमध्ये असतात. त्या ग्रिडपर्यंत पोचल्या की ग्रिड आणि व्हॉल्व्हमधला कॅथोड मिळून डायोडसारखं, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपेसारखं, काम करतात आणि निवेदक बोलू लागतो. त्यांना अडवतो तो ग्रिड स्टॉपर, म्हणजे ग्रिडच्या तोंडाशी लावलेला रेझिस्टर. १२एएक्स७ मध्ये ग्रिड आणि प्लेट (व्हॉल्व्हचं आउटपुटचं टोक) यांच्यातली कपॅसिटन्स जेमतेम १.७ पिकोफॅरड, पण ती टप्प्याच्या सुमारे साठपट वर्धनाने फुगते आणि ग्रिडला शंभरेक पिकोफॅरड दिसतात. ३३ के चा स्टॉपर लावलास तर ४५-५० किलोहर्ट्झच्या पुढे सिग्नल उतरायला लागतो, आणि १००० किलोहर्ट्झला तो विसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. गिटारच्या स्पीकरचा आवाज पाच-सहा हजार हर्ट्झनंतर पडतोच, तेव्हा स्वरात फरक जाणवणार नाही.

पण हे सगळं स्टॉपर सॉकेटच्या पिनलाच सोल्डर केला तर. तू दोन्ही रेझिस्टर जॅकवर लावलेत आणि तिथून वीतभर साधी वायर ग्रिडपर्यंत नेलीयस. रेझिस्टरच्या पुढची ती वीतभर वायर परत लहरी पकडते, मग त्याचा उपयोग काय? सॉकेटच्या पिन २ वर, म्हणजे ग्रिडवर, रेझिस्टरचा पाय अगदी आखूड कापून लाव. ६८ के ऐवजी ३३ के सुचवतो, कारण पहिल्या जॅकला तुझ्या ग्रिडसमोर एरवीही ३४ केच असायला हवेत, आणि रेझिस्टर लहान तेवढी त्याची स्वतःची सळसळही कमी. मेटल फिल्मचा घे. पहिल्या टप्प्यात जुन्या कार्बनच्या रेझिस्टरचा हट्ट मला पटत नाही.

१ मेगओमचा रेझिस्टरही सॉकेटशेजारच्या टॅगवर आण, स्टॉपरच्या आधी. जॅकची वायर कधी तुटलीच, तरी ग्रिड ग्राउंडला बांधलेलं राहील. जॅकपासून त्या टॅगपर्यंत शील्डेड वायर, म्हणजे बाहेरून तारेच्या जाळीचं शील्ड असलेली, ने. शील्ड फक्त जॅकच्या बाजूला जोड, दुसऱ्या टोकाला कापून वर इन्सुलेशनची नळी चढव.

ग्राउंडचं मात्र नीट लक्ष देऊन कर. फोटोत दिसतंय की धातूचा जॅक चासीला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला, टेकतो, कॅथोडचा रेझिस्टर दुसऱ्या स्क्रूवर, आणि स्पीकरचा जॅक तिसरीकडे. इतक्या जागी ग्राउंड झालं की चासीतून फिरणारा प्रवाह इनपुटमध्ये शिरतो. इनपुटला आणि स्पीकरला, दोन्हीकडे प्लास्टिकचे जॅक घे. पहिल्या टप्प्याच्या ग्राउंडपासून एक जाड वायर शील्डेड वायरीला चिकटून जॅकच्या स्लीव्हपर्यंत, म्हणजे त्याच्या ग्राउंडच्या टोकापर्यंत, आण, आणि तिथून आखूड तुकडा शेजारच्या एका स्क्रूला, दातेरी वॉशर घालून, रंग खरवडून. सर्किट चासीला फक्त तिथेच टेकेल. मेनची अर्थिंग मात्र वेगळ्या स्क्रूवर, आणि ती कधीही काढायची नाही.

हात घालण्याआधी प्लग भिंतीतून काढ आणि फिल्टर कपॅसिटरवर मीटर लाव. तिथे ३०० व्होल्टच्या वर असतात आणि बंद केल्यावरही टिकतात. २२० के, २ वॉटचा रेझिस्टर पहिल्या कपॅसिटरवर कायमचा लावून टाक, मिनिटाभरात उतरतील. तरी दर वेळी मोजूनच हात घाल, अजय. यात मला तुझ्याकडून वचन हवं.

झाल्यावर आधी केबल न लावता ऐक. थोडी सळसळ आणि बारीक १०० हर्ट्झची गुणगुण राहील. एकच ६व्ही६ असलेल्या ॲम्पमध्ये रेक्टिफायरची गुणगुण खोडून काढायला दुसरा व्हॉल्व्ह नसतो, त्यामुळे ती जॅकच्या माथी मारू नकोस. मग केबल लाव, गिटारचा व्हॉल्यूम शून्य ठेवून ऐक, आणि मग तो व्हॉल्यूम उघड.

दोन प्लास्टिकचे जॅक, ३३ के चे दोन रेझिस्टर आणि हातभर शील्डेड वायर बुधवार पेठेतून घेऊन कुरिअरने पाठवतोय. दुसऱ्या भोकात तूर्तास रबरी बूच घाल. बातम्या तरीही आल्या, तर केबल बदलून बघ आणि तिची लांबी किती आहे ते मला कळव.

तुझा,
मिलिंद