मुन्नाच्या गेम डिझाइनबद्दल

प्रिय संज्या,

काय भो, कसा शे? तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मुन्नाला बारावीनंतर गेम डिझाइन करायचंय, वहिनी म्हणतात गेम खेळून कोणाचं पोट भरलंय, आणि तू दोघांच्या भांडणात मला ओढलंस. फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही म्हणून लिहितोय.

आधी एका माणसाचं सांगतो, तुझ्याच लाइनीतला. गुनपेई योकोई. इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ला निन्टेंडोत लागला, आज व्हिडिओ गेमवाली म्हणून गाजलेली जपानी कंपनी, पण तेव्हा ती क्योटोतली पत्ते बनवणारी कंपनी होती, आणि ह्याचं काम काय तर पत्त्यांच्या मशिनी चालू ठेवायच्या. तू एमआयडीसीत चटईच्या मशिनींचं करतोस तेच, मेंटेनन्स! मशिन चालू असली की हा रिकामा, मग टाइमपास म्हणून त्याने लांबची वस्तू पकडायला एक लांब होणारा जाळीचा हात बनवला. मालक यामाउचीच्या नजरेस पडला. आपल्याकडे मेमो मिळाला असता, तिथे मालक म्हणाला याचं खेळणं कर. १९६६ला बाजारात आलं, दहा लाखांच्या वर खपलं.

पुढे ट्रेनमध्ये एक कंटाळलेला माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला दिसला, त्यावरून १९८०चा गेम अँड वॉच सुचला, खिशात मावणारा छोटा गेम. मुन्नाच्या कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली ते अधिकचं चिन्ह आहे ना, ते त्याचंच, १९८२चं. १९८१च्या डाँकी काँग गेमला डिझाइन तरुण मियामोतोचं, वरून देखरेख करणारा योकोई. प्रोड्युसर म्हणजे हेच रे, दुसऱ्याची कल्पना वेळेत आणि पैशात बसवून देणारा.

आणि १९८९चा गेम बॉय, हातात धरून खेळायचं मशिन! समोरच्या कंपन्यांनी रंगीत स्क्रीन दिली, पण ती सहा सेल काही तासांत खाऊन टाकायची. ह्याने मुद्दाम स्वस्त, जुनी, बिनरंगाची स्क्रीन घेतली, चार सेलवर कितीतरी जास्त चालायची, पोरं खिशात घेऊन फिरायची. जिंकला तोच. मग १९९५ला व्हर्च्युअल बॉय आला, डोळे लावून खेळायचं मशिन, सगळं लाल-काळं दिसायचं, साफ आपटला. योकोईने पुढच्या वर्षी कंपनी सोडली आणि १९९७ला रस्त्यावरच्या अपघातात गेला.

माझं गेम प्रोड्युसरचं काम त्यापुढे काहीच नाही, पण प्रकार तोच. गेल्या महिन्यात आमच्या आर्टिस्टने पावसाचा इफेक्ट केला, काय दिसत होता सांगू! टेस्टरने दोन जीबी रॅमच्या फोनवर लावला तर फोन इस्त्रीसारखा तापला आणि गेम अडखळायला लागला. पाऊस मीच काढला. तो पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. खेळायला आपल्याला वेळ मिळत नाही, दिवस जातो एक्सेलमध्ये, उडी किती उंच, नाणी किती, डेडलाइन कधी. रिलीजच्या आधी रात्री जातात, आणि प्रोजेक्ट बंद पडला की माणसं घरी बसतात, हे वहिनींना लपवू नकोस.

लाखो रुपये मागणाऱ्या कोर्सची फी आत्ता भरू नको. त्याला म्हणावं, एक गेम कागदावर कर, सोंगट्या, फासे, नियम, सगळं. मग घरच्यांना खेळायला दे आणि गप्प बसून बघ, मध्ये समजावून सांगायचं नाही. कुठे अडतात, कुठे कंटाळतात ते लिहून मला पाठव. डिसेंबरात भरीत खायला येतोय, तेव्हा तो गेम खेळू, वहिनींना पण बसव.

तुझा,
पक्या