राणीबागेत ‘काय आहे बघायला’ असं विचारणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत सुट्टीत मुंबईत आणि आसपास कुठे कुठे जाता येईल त्याची पानभर यादी आली होती. मी ती सगळी वाचली, फोटो पण मस्त होते, पण त्यात एकसुद्धा जागा अशी नव्हती की जिथे पाच माणसं हजार रुपयांच्या आत जाऊन येतील. वॉटरपार्क, रिसॉर्ट, मॉलमधलं गेमझोन, सगळीकडे माणशी तिकीट आणि आत खाण्यापिण्याचं वेगळं. आता मे महिना आहे, चाळीतल्या प्रत्येक घरात गावावरून कोणी ना कोणी आलेलं आहे, त्यांनी ही यादी घेऊन काय करायचं? म्हणून हे पत्र लिहितोय. जरा मोठं होईल, पण जमलं तर पूर्ण छापा.

माझी बहीण करमाळा तालुक्यात दिलेली आहे. या वर्षी ती, दाजी आणि दोन मुलं आमच्याकडे लालबागला आठ दिवस राहून गेली. भाचा नऊ वर्षांचा, भाची चार. आमची खोली दहा बाय अठराची, राहायची काही अडचण नाही, पण दाजींनी आल्या दिवशीच मला बाजूला घेऊन सांगितलं, “पाव्हणं, फिरायला एका दिवसाचं पाचशे, त्याच्या वर नगं.” कांद्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही. पहिल्या दिवशी गेटवे झाला, चौपाटी झाली, सिद्धिविनायक झाला. मग मी म्हटलं उद्या राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणीसंग्रहालय, तर आमच्याच शेजारचे दोघं-तिघं म्हणाले अरे तिथे काय आहे बघायला, चार हरणं आणि झोपलेले वाघ, त्यापेक्षा मॉलला ने त्यांना, एसीत तरी बसतील. खरं सांगतो, मला याचं फार वाईट वाटलं, कारण हेच लोक लहानपणी माझ्याबरोबर वडिलांचा हात धरून त्याच बागेत यायचे. आमचे वडील गिरणीत होते, सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन चालत जायचं ठिकाण म्हणजे राणीबाग, आमची आजी तर शेवटपर्यंत ‘राणीचा बाग’च म्हणायची. ८२ चा संप झाला, घरात पैसा नव्हता, तेव्हा सुद्धा तिथे जाणं बंद झालं नाही कारण ते परवडायचं.

तर मंगळवारी गेलो. (बुधवारी बंद असते.) सकाळी घरूनच पिठलं-भाकरी पोटभर खाऊन निघालो. करी रोडवरून भायखळा, दोन स्टेशनं, तिकीट पाच रुपये, चार वर्षांच्या पोरीला तिकीट लागत नाही. भायखळा स्टेशनवर दाजींना सांगितलं की १८५३ ला बोरीबंदरवरून ठाण्याला पहिली गाडी गेली ती इथूनच गेली होती, तर ते बराच वेळ त्या जुन्या इमारतीच्या कमानी आणि लाकूडकाम बघत उभे राहिले. या स्टेशनची डागडुजी इतकी नीट झालीय की २०२२ ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि आपण रोज धक्काबुक्कीत तिथून जातो, मान वर करून बघत नाही. पूर्वेला बाहेर पडलं की आठ-दहा मिनिटं चालायचं. तिकीट आई-वडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपये, माझं एकट्याचं ५०. पूर्वी पाच रुपये होतं ते मला माहितीय, २०१७ ला वाढलं, पण तरीसुद्धा या शहरात शंभर रुपयांत चार माणसं पूर्ण दिवस कुठे जातात ते मला कोणी सांगावं.

आत पाय ठेवला आणि बहीण पहिलं काय म्हणाली तर, “दादा, हितं ऊनच लागत न्हाय.” हे खरं आहे. लोक राणीबाग म्हणजे प्राणी एवढंच धरतात पण ती मुळात बाग आहे, झाडांची. आधी शिवडीला बाग होती, तिथे कबरस्तान झालं म्हणून ती भायखळ्याला आणली आणि १८६२ ला लोकांसाठी उघडली, प्राणी नंतर आले. तेव्हापासूनची आणि नंतरची, देशोदेशीची झाडं अजून उभी आहेत. आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, जिचं खोड म्हणजे पाण्याची टाकीच, दुष्काळात पाणी धरून ठेवते. ते ऐकून दाजींनी खोडावर हात ठेवला आणि म्हणाले आमच्याकडं हे लावायला पायजे होतं. कैलासपतीला फांदीवर नाही तर सरळ खोडावर फुलं येतात, आत पिंडीवर नागाचा फणा धरल्यासारखा आकार, बहिणीने खाली पडलेलं एक फूल उचलून पदरात बांधलं. उर्वशी म्हणून एक ब्रह्मदेशातलं झाड आहे, लाल फुलांची झुंबरं लटकतात, पण ती थंडी सरता सरता, मे मध्ये नाही, त्यासाठी परत यायला लागेल. ही झाडं वाचावीत म्हणून मुंबईतल्या साध्या नागरिकांनी, त्यात बायका पुढे होत्या, वर्षानुवर्षं भांडण केलेलं आहे. आज आपण सावलीत चालतो ती त्यांच्यामुळे पण आहे हे मला आवर्जून लिहावंसं वाटतं.

दगडी हत्तीची गोष्ट तर प्रत्येक मुलाला सांगायलाच पाहिजे. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर तो उभा आहे. हाच हत्ती घारापुरीच्या बेटावर होता, त्याला बघून पोर्तुगीजांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ ला तो इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेन तुटली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले, ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि १९१४ ला परत जोडले. भाचा सगळ्या बाजूंनी फिरून सांधे शोधत होता, मग म्हणाला, “मामा, बरं झालं तुटला, नायतर गेला असता.” म्युझियमला वेगळं तिकीट आहे आणि भाची कंटाळायला लागली होती म्हणून आत नाही गेलो, पण ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी जावं, १८७२ पासूनचं आहे, जुन्या मुंबईतली माणसं, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे सगळे मातीच्या छोट्या पुतळ्यांतून दाखवलेत.

आता प्राणी. पेंग्विनला गर्दी होतीच, २०१६ ला कोरियातून आणले तेव्हापासून आहे. आत थंडगार, बाहेर मे चं ऊन, त्यामुळे कोणी पुढे सरकत नाही. भाचीने विचारलं बर्फ कुठाय. तर हे बर्फातले नाहीतच, हम्बोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, तिथे समुद्रातून थंड प्रवाह जातो म्हणून त्यांना गार पाणी लागतं पण बर्फ नाही. वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसं एकदम झडून नवी येतात आणि तोपर्यंत ते पाण्यात उतरत नाहीत. चालताना वेंधळे दिसणारे पक्षी पाण्यात शिरले की असे सुसाट जातात की भाची काचेला नाक लावून गप्प झाली, आणि ही पोरगी कधी गप्प नसते.

पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात आपण आतून चालत जातो, पक्षी डोक्यावरून उडतात. तिथे मी काही सांगायची गरजच पडली नाही. दाजींचं गाव उजनीच्या पाण्यापासून लांब नाही, त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली, हा चित्रबलाक, ह्यो आमच्याकडं बाभळीवर घरटं करतो, ते रोहित थंडीत येतात तेव्हा पाणी गुलाबी दिसतं. दोन कॉलेजची मुलं पण मागे थांबून ऐकत होती. शहरातल्या माणसाने गावच्या पाहुण्याला मुंबई दाखवायची असा आपला नेहमीचा प्रकार, पण त्या पंधरा मिनिटांत दाजी आम्हाला दाखवत होते आणि त्यांचा चेहरा आल्यापासून पहिल्यांदा मोकळा झाला. मॉलमध्ये हे झालं नसतं, एवढंच मी म्हणेन.

मग बिबट्या. तुमच्या वाचकांना आठवत असेल, २०२० च्या डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने तीन माणसं मारली आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत बहीण फोनवर रडायची. शेतीची लाईट रात्रीची, उसाला पाणी द्यायला तर जायलाच लागतं, दाजी चार-पाच जण मिळून काठ्या-बॅटऱ्या घेऊन जायचे, पाचच्या पुढे बायका-पोरं दाराबाहेर नाहीत. तर काचेपलीकडे तो बिबट्या पंजावर हनुवटी ठेवून पडला होता आणि दाजी समोर उभे. मला वाटलं ते रागाने काहीतरी बोलतील. खूप वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, “एवढुसाच हाय की. आमी उगं केवढा समजत होतो.” आणि थोड्या वेळाने, “त्यालाबी भ्याच वाटत आसंल.” भाचा तेव्हा चारेक वर्षांचा होता, त्याला फक्त घरातली भीती आठवते, जनावर त्याने कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी बघितलं, नीट, दिवसाउजेडी, बापाचा हात धरून. प्राणीसंग्रहालय असावं की नसावं यावर बरीच चर्चा चालते, त्यातले काही मुद्दे मला पण पटतात. लहानपणी मी तिथे हत्तीवर बसलो होतो आणि आज ते होत नाही हे बरंच आहे, २००९ ला हत्ती प्राणीसंग्रहालयात ठेवायचे नाहीत असं केंद्राच्या प्राधिकरणाने ठरवलं ते योग्यच केलं. पण ज्या माणसाचं रोजचं जगणं बिबट्याच्या शेजारी आहे त्याला तो शांतपणे बघायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

एका गोष्टीचं मात्र दुःख झालं आणि ते आपल्या लोकांबद्दल आहे. वाघ पाण्यात निवांत बसला होता, तर पन्नास माणसं ए उठ, ए उठ करून ओरडतायत, काचेवर थापा मारतायत. दुपारचं ऊन, वाघ जंगलात असता तरी हेच करत असता. पाणघोड्याचं पण तेच, तो दिवसभर पाण्यात राहतो कारण त्याची कातडी उन्हात भाजते, चरायला रात्री निघतो. आणि मगर आ वासून पडली होती तेव्हा एक ताई मुलाला सांगत होत्या की बघ तिला भूक लागलीय, आणि पिशवीतून वेफर काढायला लागल्या. मगर अंग गार करायला तोंड उघडं ठेवते. मी काही बोलायच्या आत आमचा भाचाच म्हणाला, “मावशी, बोर्डावर लिवलंय खायला घालू नका.” त्यांनी लगेच पुडा आत ठेवला, चांगल्या होत्या, माहीत नव्हतं एवढंच. प्राण्यांना खायला घालणं, त्रास देणं हे कायद्याने बंद आहे पण कायद्यापेक्षा असं कोणीतरी शेजारी उभं राहून सांगितलं की लोक ऐकतात. झोपलेला प्राणी म्हणजे पैसे फुकट गेले असं मानू नका ही माझी सगळ्यांना हात जोडून विनंती. दहा मिनिटं गप उभं राहा, तो कान हलवतो, कूस बदलतो, कधी उठून पाणी पितो, आमच्या भाचीने बारशिंग्याच्या पोटावर बसलेला कावळा वीस मिनिटं बघितला आणि घरी येऊन तेच सगळ्यांना सांगितलं.

चारच्या सुमारास निघालो. बाहेर पाच वडापाव शंभर रुपये, तीन कटिंग तीस. परत येताना गाडी धरायची होती पण बहीण म्हणाली चालत जाऊ, मग ब्रिजखालून रमतगमत लालबागपर्यंत चालत आलो, भाची दाजींच्या खांद्यावर झोपली. हिशोब सांगतो, गाडी वीस, तिकिटं दीडशे, खाणं-चहा एकशेतीस, सगळे मिळून तीनशे रुपये. पाचशेतले दोनशे उरले ते दाजींनी दुसऱ्या दिवशी पोरांच्या वह्यांना घातले.

संपादक साहेब, आपल्या पुरवणीबद्दल माझी तक्रार नाही, मी वीस वर्षं आपला पेपर घेतो. फक्त मागणी आहे की दर रविवारी एक छोटा कोपरा अशा सहलींना द्या ज्या पाच माणसांना पाचशेच्या आत होतात. त्यात तिकीट किती, कोणत्या स्टेशनला उतरायचं, किती चालायचं, म्हाताऱ्या माणसाला बसायला कुठे मिळेल आणि लहान मुलाला सावली आहे का एवढं लिहा, फोटो नसला तरी चालेल. मुंबई बघायला येणारे सगळे हॉटेलात उतरत नाहीत, बरेच जण आमच्यासारख्यांच्या खोलीत, पोटमाळ्यावर, गॅलरीत झोपतात आणि सकाळी विचारतात आज कुठं जायचं. सुरुवात राणीबागेने करा. आणि बुधवारी बंद असते हे ठळक छापा, मंगळवारी तिकिटाच्या रांगेत पुढे उभं असलेलं एक परभणीचं कुटुंब त्यांच्या सुट्टीतला अख्खा बुधवार असाच बंद गेटवरून परत जाण्यात घालवून आलं होतं.

आपला,
एक जुना वाचक, लालबाग