थेंबांचे रंग आणि लाखाचं यंत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘अल्कलाइन’, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, पाण्याच्या यंत्राचं प्रात्यक्षिक झालं. टेबलावर तीन ग्लास होते: नळाचं पाणी, कुणाच्या तरी घरच्या आरओचं आणि यंत्राचं. विक्रेत्याने तिन्हींत एकाच बाटलीतले थेंब टाकले. नळाचं पाणी हिरवं झालं, आरओचं पिवळं आणि यंत्राचं गडद जांभळट. पिवळा ग्लास उचलून तो म्हणाला, “हे ॲसिड तुम्ही रोज पिताय.” पुढे बसलेल्या आजी चपापल्या. किंमत लाखाच्या वर, तरी काही घरांनी तिथल्या तिथे आगाऊ रक्कम दिली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. ते थेंब म्हणजे वैश्विक दर्शक, म्हणजे द्रव किती आम्ल किंवा अल्कलाइन आहे त्यानुसार रंग बदलणारं द्रावण. आमच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली कायम असायची. रंग खरेच होते, पण त्यांचा लावलेला अर्थ धादांत खोटा होता.

आरओमध्ये पाण्यातले बहुतेक क्षार निघून जातात. अशा पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड किंचित विरघळला तरी त्याचा सामू, म्हणजे पीएच हा आम्लता दाखवणारा आकडा (सातच्या खाली आम्ल, वर अल्कलाइन), साडेपाच-सहावर उतरतो. स्वच्छ पावसाचं पाणीही 5.6 च्या आसपासच असतं. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसन यांनी 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलेल्या या मापनश्रेणीत एक अंक खाली उतरलं की आम्लता दहापट वाढते. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच. म्हणजे त्या पिवळ्या ग्लासपेक्षा लिंबाचा रस हजारपटीहून आम्ल, आणि मे महिन्यात तो आपण पाहुण्यांना सरबतात घालून देतो.

आता जांभळं पाणी. समजा त्याचा सामू साडेनऊ आहे. ते पोटात गेल्यावर गाठ पडते जठररसाशी, ज्याचा सामू उपाशीपोटी दोनच्या आसपास असतो. सामू साडेनऊ करणारे एक लिटर पाण्यातले सगळे हायड्रॉक्साइड आयन, म्हणजे पाणी अल्कलाइन करणारे कण, संपवायला असा जठररस चमचाभर पुरतो. पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे, म्हणजे आम्ल शोषणाऱ्या क्षारामुळे, आणखी थोडं आम्ल खर्ची पडतं हे खरं, पण बायकार्बोनेट नळाच्या पाण्यातही असतंच. नळाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहा, ते थेंब त्यालाही निळसर करतील.

रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 इतक्या अरुंद पट्ट्यात असतो. तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. कोणतं पाणी प्यालो यावर तो हलत नाही. हलला तर माणसाला आयसीयूत न्यावं लागतं. म्हणूनच “रक्त अल्कलाइन करा, मधुमेह आणि कॅन्सर पळतील” हे त्या दिवशीचं वाक्य मला सर्वांत घातक वाटलं. ऐकणाऱ्यांत इन्सुलिन घेणारे लोक होते. त्यातल्या एकाने जरी पाण्याच्या भरवशावर डोस चुकवला तर? मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही असं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने सामूची मर्यादा 6.5 ते 8.5 ठेवली आहे. भातसा-वैतरणा धरणांचं जे पाणी त्या ग्लासात हिरवं झालं ते बरोबर तिथेच बसतं. इमारतीची टाकी वेळेवर धुतली जाते का, हा प्रश्न मुंबईकराच्या तब्येतीसाठी सामूपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि त्याला लाख रुपये लागत नाहीत.

मधुमेह, कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाने सोसायट्यांमधल्या या प्रात्यक्षिकांकडेही त्याच नजरेने पाहावं. सोसायट्यांच्या कार्यकारिणींनी हॉल देण्याआधी विक्रेत्याकडून रोग बरे करण्याचे दावे लेखी मागावेत. लेखी द्यायला तयार नसेल तर हॉल देऊ नये.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, मुलुंड (पूर्व)